मोटारीतील सुरक्षापट्टा आणि बालशरीर

पुणे–नाशिक महामार्ग आंबेगाव तालुक्यात मंचरच्या आणि जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या परिसरातून जातो. १७ जानेवारी २०२५ रोजी नारायणगावानजीक झालेल्या अपघातात प्रवासी गाडीतील नऊ जण मृत्युमुखी पडले. त्या घटनेची मीमांसा हा प्रस्तुत टिपणाचा विषय नव्हे. मात्र या रस्त्याने मूल मांडीवर घेऊन मोटारीतून जाणाऱ्यांचा एक समज तपासणे अगत्याचे आहे. तो असा की, आईच्या मिठीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

मोटार ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जात आहे असे मानू. ती आदळून थांबली तरी आतील मूल त्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. मोटारीचा पुढील भाग चेपत असता पट्ट्याने आसनाशी धरलेले मूल सुमारे पाऊण मीटर अंतरात थांबले, तर त्यावरील बळ त्याच्या वजनाच्या पंधरापट भरते. याचा अर्थ, १२ किलोच्या मुलास हातांनी धरून ठेवण्यास १८० किलो वजन पेलण्याइतके बळ हवे. ते कोणत्याही मातेच्या ठायी नसते. हातून सुटलेले मूल डॅशबोर्डवर आदळून पाच सेंटिमीटरांत थांबले, तर हेच बळ आणखी पंधरापट वाढते.

‘पट्टा बांधणे’ या प्रयोगातून बंधनाचा अर्थ सूचित होतो. वस्तुतः थांबण्यास अंतर मिळवून देणे आणि आघात बळकट हाडांवर विभागणे, हे पट्ट्याचे कार्य होय.

बालशरीराचा प्रश्न येथेच उद्भवतो. प्रौढांसाठी योजलेला पट्टा खांद्याच्या व कमरेच्या हाडांवर टेकतो. लहान मुलाच्या कमरेच्या हाडांचे कंगोरे पुरते वाढलेले नसतात. त्यामुळे पट्टा पोटावर सरकून आतड्यांस इजा करू शकतो, आणि त्याचा वरचा भाग मानेवर येतो. उंच बैठक दिल्यास तो योग्य जागी बसतो. त्याहून लहान मुलास स्वतंत्र पट्ट्यांचे बालआसन लागते. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व मान कोवळी असल्याने त्याचे आसन मागे तोंड करून बसवावे. तेव्हा पाठ, मान व डोके यांस एकत्र आधार मिळतो. चालू एअरबॅगसमोर मात्र असे आसन कदापि ठेवू नये.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील बालकासाठी सुरक्षापट्टा किंवा बालआसन आवश्यक ठरविले आहे. या दोहोंतील निवड मुलाची उंची व वाढ पाहून करावयाची असते, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.