या आठवड्याचें श्रवण
ग्रेटफुल डेड या कॅलिफोर्नियांतील वाद्यवृंदाचे चाहते अद्यापि एकमेकांस पुसतात, या आठवड्यांत कोणत्या रात्रीची मैफल ऐकावी? मंडळी १९६५ सालीं जमली. एकच गाणें दरवेळीं निराळ्या वाटेनें नेण्याची त्यांची रीत ख्यालाच्या श्रोत्यांस परकी वाटूं नये. मात्र सर्वच रात्री साधल्या असें मुळींच नाहीं. म्हणून निवडून देणारा जाणकार हवा. श्रोत्यांनीं उतरून घेतलेल्या फिती हातोहात फिरत. १९८४ पासून तर अशा मंडळींस प्रेक्षागारांत निराळी जागाच नेमून दिली गेली. अट एवढीच, कीं फितींची अदलाबदल करावी, विक्री नव्हे.

आमची शिफारस कॉर्नेल विद्यापीठांतील ८ मे १९७७ च्या मैफलीची. 'स्कार्लेट बिगोनियाज' मधून 'फायर ऑन द माउंटन' मध्यें वृंद केव्हां शिरतो, हें कळतही नाहीं. 'डार्क स्टार' चीं वीसहून अधिक मिनिटें नवख्यानें तूर्त राहूं द्यावींत.

वृंदांतील फिल लेश ऑक्टोबर २०२४ मध्यें निवर्तले. डिसेंबरांत आपले, मुंबईंत जन्मलेले झाकिर हुसेनही. वृंदाचे तालवादक मिकी हार्ट यांजबरोबर त्यांनीं १९७६ सालीं 'डिगा' ही तबकडी केली होती. एरवीं हें संगीत लागतांच उठून जाणारी आमच्या घरांतील वडीलधारी मंडळी ती ऐकत शेवटपर्यंत बसून राहिली.