जनरेटर घेताय? आधी दोरी ओढून पाहा!

रोहिण्या लागल्या की आपल्या घराघरांतून एक विषय हमखास निघतो. दुपारी चार-पाचच्या सुमारास आभाळ भरून येतं, वावटळ सुटते, सागाची नाहीतर मोहाची एखादी फांदी तारांवर पडते आणि पंखा, कूलर, फ्रीज सगळं एकदम गप्प! तास गेला, दोन तास गेले, रात्र झाली. उकाड्यानं मुलं रडकुंडीला आली की घरातली पुरुषमंडळी जाहीर करतात, "आता एक जनरेटर घेऊनच टाकू."

मैत्रिणींनो, घ्यायला हरकत नाही. पण हे वाक्य ऐकलं की एक प्रश्न तेवढा विचारा. वीज जाते तेव्हा घरी कोण असतं?

आमच्या चिखल्यात याचं उत्तर सोपं आहे. तुमसर तालुक्यातलं हे गाव मॅंगनीजच्या खाणीचं. खाणीची माणसं पाळीवर जातात, बाकीची वावरात नाहीतर तुमसरला कामाला. घरी उरतो आपण, सासूबाई आणि मुलं. म्हणजे यंत्र पसंत करणार एकजण आणि वादळी संध्याकाळी ते चालवणार दुसरंच कोणीतरी! सध्या बाजारात पेट्रोल आणि गॅस अशा दोन्ही इंधनांवर चालणारे, उचलून ठेवता येणारे जनरेटर आले आहेत. दुकानदार त्यांना 'ड्युअल फ्युएल' म्हणतात. त्यांच्याविषयी मी अलीकडे बरीच विचारपूस केली. शाळेत मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हातात पाटी-पेन्सिल घेऊनच दुकानात शिरायची सवय. दुकानदाराला ती फारशी आवडत नाही, पण आपला फायदा होतो.

पहिली बेरीज घरीच करायची. पंखा साधारण ७५ वॅट, एलईडी दिवा ९ वॅट, टीव्ही ८०च्या आसपास, फ्रीज १५०, आपला विदर्भातला मोठा कूलर १८० ते २०० वॅट. तीन पंखे, सहा दिवे, टीव्ही, फ्रीज आणि कूलर धरला तर बेरीज सातशेच्या आसपास येते. आता म्हणाल, मग सातशेचं यंत्र पुरे! इथंच गफलत होते. फ्रीज आणि पंप यांच्यात मोटार असते, आणि मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही जास्त वीज ओढते. म्हणून वरच्या संसाराला दीड हजार वॅटचं यंत्र धरावं. विहिरीवर अर्ध्या अश्वशक्तीचा पंप असेल तर त्याला सुरू होतानाच दीड-दोन हजार लागतात. एक अश्वशक्तीचा असेल तर तीन हजारांच्याही वर. इस्त्री आणि गिझर यांना तर जनरेटरच्या वाऱ्यालाही उभं करू नये.

यातून मला एक पटलं. पंपासाठी मोठं यंत्र घेण्यापेक्षा वरची टाकी वीज असतानाच भरून ठेवावी, अगदीच वेळ आली तर बाकी सगळं बंद करून एकटा पंप चालवावा. केव्हीए आणि वॅट यांचाही घोळ लक्षात ठेवा. पाटीवर '१ केव्हीए' लिहिलं असलं तरी वापरायला साधारण ८०० वॅट मिळतात असं धरून चालावं. शिवाय 'जास्तीत जास्त' असा मोठा आकडा ठळक आणि 'सलग चालण्याचा' आकडा बारीक छापलेला असतो. आपला आकडा तो बारीक!

आणि खरं सांगू? दर वेळी तास-दीड तासच वीज जात असेल तर जनरेटर घेऊच नका. दीडशे अँपिअर-अवरची चांगली बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर दोन पंखे आणि चार दिवे पाच-सहा तास सहज ओढतो. आवाज नाही, धूर नाही. जनरेटरच्या एका युनिटला अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल जातं, आणि पेट्रोलनं शंभरी ओलांडल्याला काही वर्षं झाली. म्हणजे युनिट पन्नास-साठ रुपयांच्या घरात! हा खर्च खांब पडून दिवस-दिवस वीज येत नाही तिथंच परवडतो. किंवा घरात कोणाची औषधं फ्रीजमध्ये ठेवायची असतात, कोणाला श्वासाचं यंत्र लागतं, तिथं. छतावर सोलर बसवलेल्यांनाही सांगते, सरकारी अनुदानातलं नेहमीचं सोलर हे लाईनला जोडलेलं असतं. लाईन गेली की भर उन्हातही ते बंद पडतं. ते मुद्दामच तसं केलेलं असतं. का, ते पुढं येईलच.

दोन इंधनांची गोष्ट आपल्याला तशी नवीन नाही. १९८०च्या दशकात श्रीराम होंडा आणि बिर्ला यामाहा यांचे छोटे जनरेटर आपल्याकडे आले, त्यांतले कित्येक पेट्रोलवर सुरू व्हायचे आणि तापले की रॉकेलवर चालायचे. लग्नाच्या मांडवात, व्हिडिओच्या खेळाला, दुकानाच्या फळीखाली त्यांची फटफट ऐकलेल्या पुष्कळजणी असतील. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत तर बाजारपेठेतून चालणं मुश्कील व्हायचं. रॉकेल स्वस्त होतं म्हणून ती युक्ती. आज रॉकेलच्या जागी गॅस आला आहे.

गॅसचे गुण खरोखरच आहेत. पेट्रोल पडून राहिलं की दोन-चार महिन्यांत शिळं होतं, चिकट थर धरतं आणि कार्बोरेटर तुंबतो. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे ही कटकट पावसाळ्यात जास्तच. गॅस मात्र वर्षभर ठेवला तरी तसाच. प्लग काळा पडत नाही, घरात पेट्रोलचा वास आणि डबा नको. पेट्रोल साठवणं हे एरवीही बाईमाणसाच्या जिवाला घोर. प्लॅस्टिकच्या बाटलीत तर ते कधीच ठेवू नये.

पण गॅसवर यंत्राची ताकद साधारण दहा टक्के उतरते. पेट्रोलवर दीड हजार देणारं गॅसवर साडेतेराशेच देईल. म्हणून खरेदी करताना गॅसवरचाच आकडा विचारायचा. दुसरी अडचण कोणी दुकानदार आपणहून सांगणार नाही. आपल्या स्वयंपाकाचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठीच दिलेला असतो, तो यंत्राला लावणं नियमात बसत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, नाहीतर बाजारभावानं मिळणारा ५ किलोचा लहान. लहानावर भार जास्त टाकला तर तो गार पडतो, बाहेरून दव धरतो आणि गॅस कमी येऊन यंत्र गुदमरतं. म्हणजे मनात "घरात गॅस आहेच की" असा हिशेब असेल तर तो आधी पुसून टाका. तरीही यंत्र वर्षातून चार-सहा वेळाच लागणार असेल तर मी दोन इंधनांच्या बाजूनं आहे. एरवी गॅस, आणि गॅस संपला तर पेट्रोल. मात्र दोन इंधनांची सोय कारखान्यातूनच आलेली असावी. पेट्रोलच्या यंत्राला "किट बसवून देतो ताई" म्हणणारे मिस्त्री गावोगावी आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार करावा. नळी आयएसआय खुणेची, रेग्युलेटर कंपनीनं सांगितलेलाच हवा.

आता दोरीकडे येऊ. तुमसरच्या एका दुकानात मी म्हटलं, "मला स्वतःला चालू करून बघायचं आहे." दुकानदार हसून म्हणाला, "ताई, घरी भाऊ करतील ना!" मी म्हटलं, "भाऊ रात्रपाळीला असतात." मग त्यानं मुकाट्यानं यंत्र पुढं ओढलं. दोरी एका झटक्यात, सरळ रेषेत ओढायची असते, हळूहळू ओढून चालत नाही. काही यंत्रांची दोरी मला झेपली, एकाची काही केल्या झेपेना. चावीनं किंवा बटणानं सुरू होणारं यंत्र थोडं महाग पडतं. पण घरात सासूबाई एकट्या राहत असतील तर तो पैसा वाया जात नाही. त्याची बॅटरी मात्र महिनोन् महिने तशीच ठेवली तर उतरते, म्हणून दोरीही हवीच. वजनही उचलून बघा. दोन-तीन केव्हीएची यंत्रं चाळीस किलोच्या आसपास भरतात, चाकं आणि धरायला दांडा नसेल तर ती परसात न्यायची कोणी? आणि जे यंत्र परसात नेता येत नाही, ते पडवीत चालू होतं.

हेच जिवावर बेततं. यंत्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. गॅसवर चालवलं तरी तो निघतोच. "गॅसला धूर नसतो" म्हणून आत ठेवलं तरी चालतं, हा समज साफ खोटा. पडवी, माजघर, जिन्याखालची जागा, दार उघडं ठेवलेलं न्हाणीघर, यांपैकी काहीही चालत नाही. खिडकी उघडी ठेवूनही भागत नाही. यंत्र घरापासून निदान वीस फूट लांब, मोकळ्या हवेत आणि धुराड्याचं तोंड घराकडे आणि शेजारणीच्या खिडकीकडे नको. पाऊस असेल तर वर चारही बाजूंनी उघडा पत्रा. यंत्र चालू असताना घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं, झापड आली, तर "उन्हाचा त्रास असेल" म्हणत झोपू नका. आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं, मग १०८ला फोन. झोपेत हा वायू माणसाला उठूच देत नाही.

गॅसचा सिलिंडर उभाच ठेवायचा, धुराड्याच्या झळेपासून दूर. हा गॅस हवेहून जड असतो, गळला तर वर न जाता खाली साचतो. म्हणून विहीर, मोरी, तळघर, खड्डा यांच्या जवळ तो नको.

आणि आता वायर. काही घरांत दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर करून ठेवलेली असते. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या प्लगला, की सगळं घर उजळतं! अशी वायर तुमच्या घरात असेल तर आज कापून टाका. तिचं उघडं टोक हातात शॉक देतं हे तर झालंच. पण ती वीज घरातच थांबत नाही, मीटरवाटे उलटी खांबावर जाते. आणि तिथला ट्रान्सफॉर्मर, जो ११,००० व्होल्ट उतरवून आपल्याला २३० देतो, तो उलटा चालून आपले २३० परत हजारोंत चढवू शकतो. त्या वेळी खांबावर कोण असतो? भर पावसात, आपलीच वीज आणायला चढलेला लाईनमनभाऊ. त्यानं खालून लाईन बंद केलेली असते, तो निर्धास्त हात घालतो. त्याचीही बायको घरी अंधारात वाट बघत बसलेली असते, बाई! सोलर लाईनबरोबर आपोआप बंद पडतं ते यासाठीच.

यावर उपाय अगदी साधा आहे, चेंजओव्हर स्विच. एका बाजूला लाईन, दुसऱ्या बाजूला जनरेटर, दोन्ही एकाच वेळी जोडलेच जात नाहीत. तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्या, अर्थिंगही त्याच वेळी तपासा. क्वार्टरमध्ये राहत असाल तर आधी परवानगी घ्या. तेवढा खर्च नको असेल तर जाड वायरचा चांगला बोर्ड थेट यंत्राला लावून पंखा आणि फ्रीज त्यावर चालवा, घराच्या वायरिंगला हात लावायचाच नाही. वीज का गेली ते विचारायला महावितरणचा १९१२ हा क्रमांक आहे. फांदी पडली असेल तर तेही त्यांना सांगा.

निगा फार नाही, पण ती विसरली जाते. नवं यंत्र बहुधा बिनतेलाचं येतं. तेल घातल्याशिवाय दोरीला हातच लावू नका, नाहीतर इंजिन पहिल्याच दिवशी जाम होईल. दर वेळी चालू करण्याआधी तेलाची पातळी पाहायची. पहिलं तेल साधारण वीस तासांनी बदलायचं, पुढं शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी. पेट्रोल भरायचं ते यंत्र बंद करून, थंड झाल्यावर. पेट्रोलवर चालवलं असेल तर ठेवताना तोटी बंद करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. गॅसवर असेल तर आधी सिलिंडरची चावी बंद. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं पंखे लावून चालवावं, आणि ते दिवसा. रात्री दहानंतर शेजारच्या दहावी-बारावीच्या मुलांचा अभ्यास असतो. दुकानात आवाजही ऐकून घ्या, नुसता 'सायलेंट' शब्द वाचून समाधान मानू नका. टीव्ही, संगणक चालवायचे असतील तर 'इन्व्हर्टर जनरेटर' प्रकारचं यंत्र शांत चालतं आणि त्याची वीजही सारखी असते. किंमत अर्थातच जास्त.

यंत्र घरी आलं की एका जाड कागदावर क्रम लिहून काढा. मेन बंद, यंत्र बाहेर, तेल, इंधनाची तोटी, चालू, दोन मिनिटं थांबा, मग चेंजओव्हर, मग एकेक बटण, फ्रीज सगळ्यांत शेवटी. तो कागद परसदाराच्या आतल्या बाजूला, मेणबत्तीच्या उजेडात सासूबाईंनाही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत चिकटवा. आणि एखाद्या उजेडाच्या रविवारी, वीज असतानाच, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून तो क्रम एकदा करून घ्या, ह्यांच्याकडूनसुद्धा.