जुनी पिकअप घाट उतरते तेव्हा

स्वस्तात घेतलेली जुनी पिकअप पुण्याहून खोपोलीला न्यायची आहे. वाटेत खंडाळ्याचा घाट उतरावा लागेल. गाडीचे वस्तुमान 1500 किलोग्रॅम आणि घाटाची उंची सुमारे 500 मीटर धरू. तिची स्थितिज ऊर्जा 1500 × 9.8 × 500, म्हणजे 73.5 लाख ज्यूल इतकी कमी होईल. एवढ्या उष्णतेने 25 अंश सेल्सिअस तापमानाचे सुमारे 23 लिटर पाणी उकळू लागेल!

वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही ऊर्जा जाईल कुठे? काही भाग हवेच्या व रस्त्याच्या रोधात खर्च होतो. सतत ब्रेक दाबल्यास उरलेली सारी ऊर्जा ब्रेक तापवते. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. ‘डॉट 3’ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश असतो. पाणी मुरल्यावर तो 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव जवळजवळ दबत नाही, वाफ मात्र सहज दबते. मग पेडल खाली जाते, पण ब्रेक लागत नाही!

म्हणून जुनी गाडी घरी नेण्यापूर्वी ब्रेक तपासून ऑइल बदलावे. घाट ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. मग इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक थंड राहतात.