आज्ञावली तीच, मग रोज बांधणी कशाला?

कोल्हापूरकरांना राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांचे मोठे कौतुक. पाणी ठराविक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. पण दरवाजे तेच आहेत म्हणून कोणत्याही धरणावर पावसाळ्यापूर्वीची तपासणी टाळता येईल का? नाही. दरवाजा तोच असला तरी दरम्यान गंज चढतो, गाळ साचतो.

संगणकाच्या आज्ञावलीचेही असेच आहे. लिहिलेली आज्ञावली कंपायलर यंत्रभाषेत आणतो, इतरांनी लिहिलेले तयार भाग तिला जोडले जातात आणि मग चाचण्या होतात. या साऱ्याला 'बिल्ड' म्हणतात. आपण 'बांधणी' म्हणू. आज्ञावलीत बदल झाला की बांधणी करावी, हे कोणालाही पटेल. पण बदल नसतानाही अनेक ठिकाणी ती दररोज रात्री ठरल्या वेळी केली जाते. का बरे?

कारण आज्ञावलीभोवतीचे जग बदलत असते. २२ मार्च २०१६ रोजी 'लेफ्ट-पॅड' हा अवघ्या ११ ओळींचा भाग त्याच्या लेखकाने 'एनपीएम' या सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. शब्दाच्या डावीकडची जागा भरून काढणे, एवढेच त्याचे काम! पण त्यावर विसंबलेल्या हजारो प्रकल्पांची बांधणी काही तास अडली. त्या प्रकल्पांनी स्वतःच्या आज्ञावलीत एक अक्षरही बदललेले नव्हते. याखेरीज कंपायलरची नवी आवृत्ती येते, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपते, एखादी चाचणी विशिष्ट तारखेनंतर चुकू लागते.

रोज बांधणी केली, तर दोष कालच्या आणि आजच्या बांधणीदरम्यान शिरला, हे लगेच कळते. सहा महिन्यांनी केली, तर सहा महिन्यांतले सारे बदल धुंडाळावे लागतात; आणि तेही बहुधा तातडीची दुरुस्ती हवी असते तेव्हाच! तयार भागांच्या प्रती आपल्याजवळ जपून ठेवल्या तर धोका कमी होतो, पण तारखा पुढे सरकायच्या थांबत नाहीत. अर्थात वीज आणि वेळ खर्च होतो. म्हणून लहान कामाला आठवड्यातून एकदाही पुरे.

वर्गात हा प्रयोग करून पाहू. विद्यार्थ्यांनी निकालपत्रकाचा छोटा प्रोग्राम लिहावा. दर महिन्याला तो तेच गुण देऊन नव्याने बांधावा, उत्तर ताडून पाहावे आणि वहीत नोंद ठेवावी. निकालाच्या आदल्या रात्री दोष सापडण्यापेक्षा तो जूनमध्येच सापडलेला बरा, नाही का?