खळीपासून काचेपर्यंत

सिनेमाचं पोस्टर घरात लावण्यासाठी कुणी छापलं नव्हतं. ते रस्त्यासाठीच होतं. पातळ, स्वस्त कागदाचा 30 बाय 40 इंचांचा ताव घड्या घालून वितरकाकडे जायचा. मग पोस्टर चिकटवणारा शिडी आणि खळीची बादली घेऊन रात्री निघायचा आणि मागच्या आठवड्याच्या सिनेमावर नवा सिनेमा चढवायचा. थरावर थर साचले की भिंतीचा पापुद्रा सुटायचा, आणि खळीच्या चवीपायी तो गुरं खायची. तीच वस्तू आज कोथरूडच्या किंवा बांद्र्याच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर, काचेमागे, मंद दिव्याखाली टांगलेली असते. तिला रस्त्यावरून घरात यायला जवळजवळ ऐंशी वर्षं लागली, आणि ती पुढच्या दाराने तर मुळीच आली नाही.

मराठी घराच्या भिंतीवर छापील चित्र रुजवलं ते राजा रविवर्म्याने. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्याच्या छापखान्यातून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या आणि भिंतीची एक उतरंड ठरून गेली. आधी देव, मग गेलेले आजी-आजोबा, मग पुढारी. कुठे टिळक-गांधी, कुठे फुले-आंबेडकर. नट-नट्यांना या रांगेत जागा नव्हती. नाटक-सिनेमा बघायला सगळे जात, पण 'त्या लोकांचे' फोटो घरात? छे!

तरी सिनेमा आत शिरलाच, देवाचा हात धरून. 1936 मध्ये 'प्रभात'चा 'संत तुकाराम' आला आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा लोकांनी तुकोबांचाच म्हणून स्वीकारला. त्या रूपातले तुकोबा तसबिरींत, कॅलेंडरांत उतरले. एखाद्या घरात सिनेमातल्या माणसाला रोज हळदकुंकू लागत असे आणि घरच्यांना तो सिनेमातला आहे हे आठवतही नसे. हीच गोष्ट 1975 मध्ये 'जय संतोषी माँ'ने केली, अनिता गुहांना देव्हाऱ्यापर्यंत नेलं. त्याच वर्षी 'शोले' आणि 'दीवार'ही आले होते. पण गब्बर आणि विजयला घरात दर्शनी भिंत मिळाली नाही.

त्यांना मिळालं ते ट्रंकेचं झाकण, तेही आतल्या बाजूने. माझ्या मते घरसजावटीच्या या इतिहासातलं सर्वांत प्रामाणिक पान तेच आहे. गिरणगावातल्या खोल्यांत पाळ्यांनी झोपणाऱ्या, खानावळीत जेवणाऱ्या एकट्या पुरुषांना स्वतःची भिंत कुठली? एक वळकटी आणि एक पत्र्याची ट्रंक. ती उघडली की झाकणाला आतून मधुबाला, नाहीतर वैजयंतीमाला. वसतिगृहातल्या मुलांचं तेच, फौजेतल्या जवानांचंही तेच. घरंदाज मुलींनी हाच उद्योग कपाटाच्या दाराआड केला, राजेश खन्नाला साड्यांच्या घडीशेजारी ठेवून. हे चेहरे पोस्टरचे नसत. पोस्टर मोठं आणि मिळणार कुठून? कात्री चालायची ती 'फिल्मफेअर', 'माधुरी', 'रसरंग' यांच्या पानांवर. अख्खं पोस्टर उघड्यावर लावायची मुभा होती ती केशकर्तनालयाला आणि पानाच्या टपरीला. 'सलूनसारखं करून ठेवलंय घर' हा शेरा बरीच वर्षं शिवीसारखा वापरला गेला.

गंमत अशी, की ज्यांना घराने बाहेर ठेवलं त्या पोस्टरांचे हात मोठे होते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः करत. 1924 च्या त्यांच्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आपल्याकडचं टिकून राहिलेलं सर्वांत जुनं चित्रमय पोस्टर मानलं जातं. मकबूल फिदा हुसेन मुंबईत आले तेव्हा सिनेमाचे बॅनर रंगवूनच पोट भरत. कोल्हापूरच्याच जी. कांबळ्यांनी 'मुघल-ए-आझम'साठी कुंचला चालवला. शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेलं छत्रपती शिवाजी महाराजांचं चित्रही त्यांचंच. म्हणजे हात एकच. त्याचं एक चित्र सरकारी कचेरीत मानाने लागलं, दुसरं पावसात भिजलं.

आणि दिवाकर करकरे. जे.जे.मध्ये शिकलेल्या या माणसाने 'दीवार'सारख्या पोस्टरांत फोटोवर तैलरंग चढवला, तोही पुष्कळदा कुंचल्याऐवजी सुरीने. त्या काळातलं एखादं पोस्टर हातभर अंतरावरून पाहा. नायकाच्या गालावर कातडीच्या रंगाशेजारी सरळ निळा फटकारा, कपाळावर भगवा, जबड्याखाली हिरवट काळोख. जवळून हा नुसता चिखल. दहा पावलं मागे गेलात की संतापलेला माणूस. हे चित्र धावत्या बसमधून बघायसाठी केलेलं होतं. दहा बाय बाराच्या खोलीत ते अंगावर येतं, आणि यावंच.

ऐंशीच्या दशकात भेटवस्तूंच्या दुकानांतून गुळगुळीत पोस्टरं मिळू लागली आणि मध्यमवर्गातल्या मुलांनी प्रथमच उघड बंड केलं. ब्रूस ली, समांथा फॉक्स, पुढे सलमान आणि माधुरी. खोलीच्या दाराला आतून सेलोटेप. रंग लावायच्या वेळी पोपडा निघायचा आणि बोलणी बसायची. यात चित्रकाराचा हात मात्र राहिला नव्हता, तो नुसता फोटो होता.

मग फ्लेक्स आला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून संगणकावर जुळवलेलं चित्र एका रात्रीत छापून मिळू लागलं आणि बॅनर रंगवणाऱ्यांचे कारखाने ओस पडले. मुंबईत आल्फ्रेड टॉकीजच्या शेख रहमान यांच्यासारखे मोजकेच चित्रकार मागे उरले. रहमान यांच्यावर 2015 मध्ये 'ओरिजिनल कॉपी' नावाचा माहितीपटही निघाला. आणि नेमक्या या फ्लेक्सच्या काळातच पोस्टर प्रतिष्ठित झालं. 2002 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने हिंदी सिनेमाच्या चित्रकलेचं प्रदर्शन भरवलं. 'ओशियान्स'च्या लिलावांत जुन्या पोस्टरांवर बोली लागू लागली. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर किलोने आलेली रद्दी नगावर विकली जाऊ लागली. चित्रकार बेकार झाल्यावर त्याचं चित्र दिवाणखान्यात आलं, याला योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जोवर ते स्वस्त होतं, सगळ्यांचं होतं, तोवर ते भडक होतं. दुर्मीळ झालं तेव्हा त्याचं 'रेट्रो' झालं.

आज घरोघरी दिसतं ते बहुतेक पुनर्मुद्रण. ऑनलाइन मागवलेलं, कॅनव्हासवर छापलेलं, सोफ्याच्या रंगाला जुळवून घेतलेलं. त्यात घड्यांच्या पांढऱ्या रेघा पुसलेल्या असतात आणि सुरीचे फटकारेही गुळगुळीत केलेले असतात. अस्सल ताव घेणाऱ्याच्या नशिबी वेगळेच ताप. कागद घडीवर फाटतो, म्हणून मागून कापड लावून घ्यावं लागतं. काचेला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट हवा. समोरच्या खिडकीचं ऊन लाल रंग आधी खातं. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी, आणि वर्षभर कसर. एवढं करूनही पाहुणा विचारतोच, 'हे जरा फाटलेलं नाही का?'

अलीकडे आणखी एक प्रकार निघाला आहे. उरल्यासुरल्या बॅनर-चित्रकारांना लोक लग्नाच्या वाढदिवसाला स्वतःचंच पोस्टर रंगवायला सांगतात. सिनेमा जुनाच, नायक-नायिकेच्या जागी यजमान आणि यजमानीण. मोबाइलवर फोटो पाठवायचा, सिनेमा निवडायचा. चित्रकाराला निदान रंगाचं काम मिळतं, आणि निळा फटकारा आता कुणा बँकेतल्या मॅनेजरच्या गालावर बसतो.