वेरूळची लेणी : बाराव्या लेण्यातले मंडल आणि जपानचे कुकाई

गेल्या आठवड्यात आपण विश्वकर्मा लेण्यापर्यंत आलो होतो. अकरावे लेणे पुढच्या भागासाठी राखून आज थेट बाराव्यात, म्हणजे तीन तालात जाऊ.

तळमजल्याच्या भिंतीवर नऊ चौकटींचा एक शिल्पपट आहे. मधल्या चौकटीत बुद्ध, भोवतीच्या आठांत आठ बोधिसत्त्व. त्यात जातककथा नाही, प्रसंग नाही, म्हणून बहुतेक पर्यटक पुढे निघून जातात. अभ्यासक त्याला मंडल म्हणतात. आठव्या शतकाच्या सुमारास बौद्ध साधना मंत्र, मुद्रा आणि मंडल यांच्या वाटेला लागली होती. सर्वांत वरच्या मजल्यावर गर्भगृहाबाहेर कमळांवर बसलेल्या बारा देवीही त्याच वाटेवरच्या.

आपल्याकडे ही साधना मागे पडली. जपानमध्ये ती टिकली, आणि त्याचे मोठे श्रेय कुकाई या भिक्षूंना जाते.

त्यांचा जन्म ७७४ चा, शिकोकू बेटावरचा. सरकारी अधिकारी घडवणारे शिक्षण अर्ध्यावर सोडून ते डोंगरात साधनेला गेले. ८०४ मध्ये जपानी राजदूतांच्या जहाजातून चीनला निघाले आणि चांगआन या राजधानीत पोहोचले. तिथे प्रज्ञ नावाच्या भिक्षूकडे संस्कृत शिकले आणि आचार्य हुइगुओ यांचे शिष्य झाले. हुइगुओंचे गुरू अमोघवज्र, आणि अमोघवज्रांचे गुरू दक्षिण भारतातून समुद्रमार्गे चीनला गेलेले वज्रबोधी. हुइगुओंनी काही महिन्यांतच कुकाईंना दोन्ही महामंडलांचे अभिषेक दिले आणि लवकरच देह ठेवला. वीस वर्षांसाठी पाठवलेले कुकाई ८०६ मध्येच ग्रंथ, मंडलपट आणि पूजेची उपकरणे घेऊन परतले. वेरूळ आणि चांगआन या एकाच प्रवाहाच्या दोन शाखा. एकीतून दुसरी निघाली असे मात्र समजू नये.

८१६ मध्ये सम्राट सागांनी त्यांना कोया डोंगर दिला. तिथे शिंगोन पंथाचे मुख्य पीठ उभे राहिले. याच देहात बुद्धत्व मिळते, ही त्यांची मुख्य शिकवण. मला मात्र त्यांचे दुसरे एक काम फार मोलाचे वाटते. शिकोकूतला मान्नो तलाव फुटला होता. ८२१ मध्ये बांध पुन्हा उभारण्याच्या कामावर त्यांना नेमले गेले. तो तलाव आजही शेतांना पाणी देतो. मराठवाड्याच्या वाचकाला याचे मोल वेगळे सांगायला नको. ८२८ मध्ये त्यांनी क्योटोत गरिबांच्या मुलांनाही प्रवेश असलेली शाळा काढली.

८३५ मध्ये कोया डोंगरावर त्यांनी शेवटचा श्वास घेतला, असे इतिहास सांगतो. भक्त मानतात की ते अजून ध्यानस्थ आहेत, आणि भिक्षू रोज त्यांच्यापुढे जेवण नेतात. आळंदीची संजीवन समाधी मानणाऱ्या आपल्याला ही श्रद्धा परकी वाटू नये. शिंगोन मंदिरांत आजही होम होतो; तिथे त्याला ‘गोमा’ म्हणतात. त्यांच्या वज्रधातू मंडलाचा पटही नऊ चौकटींचा असतो, देवता मात्र कितीतरी अधिक.

हा प्रवाह महाराष्ट्रात परतलाही. जपानमध्ये शिंगोन परंपरेत दीक्षा घेतलेले भदंत सुरई ससाई १९६० च्या दशकात भारतात आले, नागपूरच्या इंदोऱ्यात राहिले आणि आंबेडकरी बौद्धांचे भन्ते झाले.

वेरूळला गेलात तर कैलास पाहून माघारी फिरू नका. बाराव्या लेण्यात या आणि त्या नऊ चौकटींसमोर दहा मिनिटे तरी बसा.

(पुढील भागात : ‘दोन ताल’ लेण्याचा तिसरा मजला)