सिनेमातला पोलीस आणि आपल्याकडचं ‘बनावट गिऱ्हाईक’

हाँगकाँगच्या २००२ च्या ‘इन्फर्नल अफेअर्स’मध्ये एक पोलीस वर्षानुवर्षं ड्रग्जच्या टोळीत वेष बदलून राहतो. आपल्याकडे एवढा थाट नसतो. पोलीस बनावट गिऱ्हाईक पाठवतात, माल समोर आला की धरतात, पंचांसमोर पंचनामा होतो. सापडतो तो बहुतेक वेळा पुडी पोहोचवणारा पोरगा; मालक लांबच!

हे मुंबईतच चालतं असं समजू नका. २०१६ साली ठाणे पोलिसांनी आपल्याच जिल्ह्यातल्या चिंचोळी एमआयडीसीतून १८ टनांवर इफेड्रिन पकडलं होतं.

१९८५ चा एनडीपीएस कायदा कडक आहे. ५० ग्रॅमच्या वर एमडी सापडली तर किमान १० वर्षं सक्तमजुरी. आणि “पाकिटात काय होतं मला माहीतच नव्हतं” हे आरोपीनंच सिद्ध करायचं असतं. दोस्तानं दिलेलं पाकीट ‘जरा देऊन ये’ म्हणून नेणाऱ्या मुलाला हे अकलूजच्या घराघरात सांगायला हवं. अंगझडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट मागायचा हक्क मात्र त्याला आहे (कलम ५०).

नशा हराम आहे हे आपण मुलांना सांगतोच. पण मूल अडकलं तर बदनामीच्या भीतीनं अम्मी-अब्बा लपवतात. कलम ६४-अ प्रमाणे व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यातून सूट मिळते. उपचार मात्र अर्धवट सोडायचे नाहीत, नाहीतर ती सूट काढून घेता येते.